चालतीय तोवर चालतीय

बार्शीच्या अडत बाजारात उभी हयात दिवाणजी म्हणून काढलेले एक काका आणि पांडे चौकाजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारी त्यांची पुतणी यांच्यात एका खोक्यावरून वाद आहे. खोकं म्हणजे पेढीतला २००४ सालचा कॉम्प्युटर. मालकांनी पेढी बंद केली तेव्हा ‘दिवाणजी, तुमच्याकडंच असू द्या’ म्हणून तो काकांच्या घरी आला. त्यात ४० जीबीची हार्ड डिस्क आहे आणि तिच्यावर पेढीचे सगळे हिशेब. अजूनही एखादा शेतकरी, बहुतेक वेळा भावाभावांच्या वाटणीचा घोळ घेऊन, जुन्या उचलीचा दाखला मागायला येतो. मग काका खोकं चालू करतात, खातं काढून दाखवतात आणि शेतकरी चहा पिऊन जातो. पुतणीचं म्हणणं, हा खेळ आता थांबवा. काकांचं म्हणणं, चालतंय ते का थांबवायचं? काका खोकं घेऊन तिच्या दुकानात आले तेव्हा मी दोघांचाही जुना ओळखीचा असल्यामुळं मधे बसून ऐकलं आणि जमेल तसं उतरवून घेतलं.

काका : आधी मला एवढं सांग, चालती वस्तू भंगारात काढायचं कारण काय? एकवीस वर्षं झाली. दहा-दहा तासांचं लोडशेडिंग हिनं काढलं. तुरीच्या हंगामात पंख्यावर धुळीचा थर बसायचा, ती धूळ खाल्ली. पत्र्याखाली मे महिना काढला. भगवंताच्या कृपेनं आजही बटण दाबलं की घर्रर्र करून उठतीय. आणि तुझ्या भाच्याचा लॅपटॉप? दोन वर्षांत बसला. जुना माल तो जुनाच.

पुतणी : काका, तुम्हाला जी दिसतेय ती वाचलेली डिस्क. तिच्या बरोबरीच्या बाकीच्या कुठं गेल्या ते बघायचं असेल तर ही बंद पडलेल्या डिस्कांची फळी बघा. या सगळ्या त्याच काळातल्या. ह्यांचे मालक ‘जुना माल’ म्हणून कौतुक करायला येत नाहीत, म्हणून तुम्हाला त्या माहीत नाहीत.

काका : लोकांनी नीट वापरल्या नसतील.

पुतणी : आयबीएमनं २००० साली डेस्कस्टार ७५जीएक्सपी नावाची डिस्क काढली. इतक्या धडाधड गेल्या की लोकांनी तिचं नाव डेथस्टार ठेवलं. अमेरिकेत दावा झाला. पुढं दोन-तीन वर्षांत आयबीएमनं हा धंदाच हिताचीला विकून टाकला. ती काय नवी डिस्क होती? तुमच्या डिस्कच्याच पिढीतली, थोडी थोरलीच. जुन्यातही वाईट होत्या, नव्यातही चांगल्या आहेत. एकेक मॉडेलचं नशीब असतं.

काका : बरं. मग आयुष्य धरायचं किती? कंपनी कुठंतरी लिहीत असंलच की.

पुतणी : लिहिते. चांगल्या डिस्कच्या कागदावर दहा लाख तास असतात.

काकांनी लगेच तोंडी हिशेब केला. या वयातही त्यांना कॅल्क्युलेटर लागत नाही. चोवीस गुणिले तीनशे पासष्ट, आठ हजार सातशे साठ. त्यानं दहा लाखाला भाग.

काका : एकशे चौदा वर्षं? अगं, आपली बार्शी लाइट रेल्वेसुद्धा एवढी चालली न्हाई! १८९७ ला सुरू झाली ती.

पुतणी : तसा अर्थ नाही त्याचा. एक हजार डिस्का एकदम चालू ठेवल्या तर सरासरी हजार तासांनी, म्हणजे दीड महिन्याच्या आत, त्यातली एक जाईल, एवढंच तो आकडा सांगतो. तुमची कधी जाईल ते त्यात नसतं. शिवाय तो आकडाही गोड करून सांगितलेला. २००७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी मोठमोठ्या संगणक केंद्रांतल्या सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या. कागदावरच्या तासांप्रमाणं वर्षाला शेकडा एकाहून कमी डिस्का बदलाव्या लागायला हव्या होत्या. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी दोन ते चार बदलाव्या लागल्या, आणि काही ठिकाणी तेरापर्यंत.

काका : शेकडा चार गेल्या म्हणजे शहाण्णव राहिल्या. एवढी तूट तर धान्यातही धरतात.

पुतणी : वर्षाला, काका. आणि दरसाल तेवढीच राहत नाही. बॅकब्लेझ म्हणून अमेरिकेतली एक कंपनी आहे, लोकांचा डेटा सांभाळायचा हाच तिचा धंदा. ती आपल्या डिस्कांचा हिशेब उघड करते. २०१३ साली तिनं सांगितलं की, पहिल्या दीड वर्षात वर्षाला ५.१ टक्के डिस्का जात होत्या, पुढच्या दीड वर्षात १.४ टक्के, आणि तीन वर्षं उलटली की ११.८ टक्के. पुढं डिस्का सुधारल्या, आकडे खाली आले, पण म्हातारपणी चढ लागतो तो लागतोच. तुमची डिस्क तर त्यांच्या तक्त्याच्या बाहेर निघून गेलीय.

काका : म्हणजे जिंकलीय.

पुतणी : म्हणजे तिच्याबद्दल कुणी काही सांगू शकत नाही.

इथं मी पुतणीच्या बाजूचा. एकवीस वर्षं टिकली हा डिस्कच्या भूतकाळाचा दाखला झाला. पुढच्या पावसाळ्याची हमी त्यातून निघत नाही. पण काकांनी विचारलेला पुढचा प्रश्न मात्र रास्त होता. आधी कळतं की नाही? खोकताना, कण्हताना काही सूचना देते की नाही?

पुतणीनं डिस्क आपल्या टेबलावरच्या यंत्राला जोडली आणि एक फुकटचा प्रोग्रॅम उघडला. प्रत्येक डिस्क स्वतःची नोंद ठेवते : किती तास चालली, किती वेळा चालू-बंद झाली, किती जागा खराब निघाल्या म्हणून बदलून घेतल्या. काकांच्या डिस्कचे चालू तास पन्नास हजारांच्या वर आणि खराब जागा शून्य.

काका : बघ! शून्य! निरोगी हाय.

पुतणी : तक्रार नोंदवलेली नाही, एवढंच. गूगलनं २००७ मध्येच आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला. तपासणीत पहिली चूक सापडली की पुढच्या साठ दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता एकोणचाळीस पटीनं वाढते, असं त्यांना दिसलं. म्हणजे चूक दिसली तर लगेच हलायचं. पण ज्या डिस्का गेल्या त्यातल्या निम्म्याहून जास्त डिस्कांनी मुख्य चार लक्षणांपैकी एकही दाखवलं नव्हतं. गुपचूप गेल्या.

काका : उन्हानं जातात म्हणतात.

पुतणी : त्यांना तसं फारसं दिसलं नाही. उलट गार डिस्का जास्त गेल्या. तीन वर्षांच्या पुढच्या जुन्या डिस्कांना मात्र जास्त उष्णता बाधत होती. तुमच्या पत्र्याला त्यातून काय प्रमाणपत्र घ्यायचं ते घ्या.

लोडशेडिंगचं मला विचारावंसं वाटलं, कारण सोलापूर जिल्ह्यात २००५ नंतरची काही वर्षं वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. पुतणीनं सांगितलेली गोष्ट मला ठाऊक नव्हती. डिस्कची तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेत असते आणि वाचणारं टोक तिला न टेकता नुसत्या हवेच्या पातळ थरावर तरंगतं. हे अंतर नॅनोमीटरांत मोजायचं, आणि माणसाचा केस साधारण साठ-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड. वीज गेली की फिरत्या तबकडीतच उरलेल्या जोरावर डिस्क थोडी वीज करून घेते आणि ते टोक सुरक्षित जागी नेऊन ठेवते. म्हणजे डिस्क सहसा वाचते. मरतो तो अर्धवट लिहिलेला हिशेब. टॅली सॉफ्टवेअरवर हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येक पेढीनं त्या काळात ‘डेटा करप्ट’ हे दोन शब्द ऐकलेत, आणि ‘रिराइट मारून बघा’ हा उपायही.

काका : मग मी काय करतो, आजपासून चालूच करत न्हाई. फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवतो. झिजायचा प्रश्नच न्हाई.

पुतणी : तेही चालत नाही. पडून राहिली की आतलं वंगण बदलतं, काही जुन्या डिस्कांमध्ये टोक तबकडीला चिकटून बसतं. पाच वर्षांनी बटण दाबाल आणि ती नुसती टिकटिक करेल. आणि एसएसडी घेऊन ठेवतो म्हणू नका. ती वर्षानुवर्षं विजेशिवाय कपाटात ठेवायची वस्तूच नाही, तिच्यातला साठा हळूहळू उतरतो.

काका : चालवली तरी जाणार, न चालवली तरी जाणार. मग तुमच्या शास्त्राचा उपयोग काय?

पुतणी : आणि समजा नाहीच गेली. बार्शी लाइट का बंद झाली, काका?

काका : ब्रॉडगेज आलं.

पुतणी : डबे मोडले होते?

काका : छे! डबे चांगले होते. अडीच फुटांचा रूळच राहिला न्हाई.

पुतणी : तुमच्या डिस्कचं तेच. तिची ती चपटी केबल ज्यात बसते तसा कॉम्प्युटर २००३ पासून हळूहळू बंद होत गेला. उद्या तुमचं खोकं बसलं तर मी जोडणी करून देईन, कारण माझ्याकडं एक जुनं यंत्र आहे. ते गेलं की? त्याच्या पुढं टॅलीची ती जुनी आवृत्ती हवी. त्याच्या पुढं फॉन्ट. शेतकऱ्यांना पाठवायची पत्रं तुम्ही मराठीत टाइप करून घ्यायचा ना? तो युनिकोडच्या आधीचा फॉन्ट. आज उघडलं तर सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतं. या गावातल्या निम्म्या छापखान्यांकडं पेजमेकरच्या अशा फायली पडून आहेत. डिस्क ठणठणीत आणि मजकूर मुका.

काका : म्हणून मी कागदाच्या बाजूचा. कागदाला केबल लागत न्हाई.

पुतणी : आजोबांच्या वह्या मोडीत आहेत. वाचता तुम्ही?

काका जरा थांबले.

काका : वाचणारे मिळतात अजून.

पुतणी : मिळतात, पण शोधावे लागतात, पैसे द्यावे लागतात. तसंच हे. आणि कागदाला केबल लागत नसली तरी वाळवी लागते. आग लागते. २१ जून २०१२ ला मंत्रालय जळलं तेव्हा काय झालं ते टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं.

इथपर्यंत वाद पुतणीच्या बाजूनं सरळ चालला होता. पण नंतर काका जे बोलले ते मला तरी नवीन होतं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं खरं तेच आहे.

काका : पोरी, तू कागदाला वाळवी लागते म्हणतीस, पण आमचा भरवसा कुठल्या एका कागदावर कधीच नव्हता. ऐक. शेतकऱ्यानं ज्वारी आणली. लिलाव झाला. तोलारानं वजन केलं, काटापट्टी फाडली. ती एक नोंद. मी कच्च्या वहीत टिपलं, ती दुसरी. संध्याकाळी रोजकीर्दीत घेतलं, तिसरी. रोजकीर्दीवरनं खतावणीत शेतकऱ्याच्या खाती, खरेदीदाराच्या खाती, चौथी. हिशेबपट्टी करून शेतकऱ्याच्या हातात दिली, ती त्याच्याबरोबर त्याच्या गावाला गेली. खरेदीदारानं आपल्या वहीत लिहिलं. बाजार समितीची फी भरली, तिथं नोंद राहिली. आता माझ्या पेढीला आग लागली असती तर काय बुडालं असतं? शेतकऱ्याच्या पत्र्याच्या पेटीत पट्टी हायच की. वही चुकली तर ताळा लागत न्हाई, रात्री बारापर्यंत बसून तीन रुपये शोधलेत मी.

पुतणी : मग कॉम्प्युटर आल्यावर?

काका : एकदाच टाकायचं. मालक म्हणाले, बाकीच्या वह्या कशाला? कच्ची वही बंद, रोजकीर्द बंद, खतावणी ती आपोआप करायची. काम हलकं झालं, खोटं कशाला बोलू. पण सगळं त्या एका खोक्यात गेलं. तवा मला कुणी सांगितलं न्हाई की आतली एक तबकडी गेली तर तिन्ही वह्या एकदम जातील.

पुतणी काही बोलली नाही, आणि मीही. जुन्या हार्ड डिस्कांवर किती भरवसा ठेवावा, हा प्रश्न आपण वस्तूला विचारतो : ही चांगली का ती, जुनी का नवी, या कंपनीची का त्या. दिवाणजींनी तो कामाच्या पद्धतीला विचारला. अडत बाजारात एकाच व्यवहाराची नोंद आपापल्या गरजेपोटी पाच-सहा जणांकडं होत होती. ‘बॅकअप’ म्हणून ती कुणी ठेवली नव्हती. प्रत्येकाला दुसऱ्यावर थोडा अविश्वास होता म्हणून ती होत होती. कॉम्प्युटरनं अविश्वासाचं ते सगळं जाळं एका डब्यात गोळा केलं, आणि मग तो डबा किती टिकेल याची काळजी आपण करत बसलो.

डबा गेला तरी नोंद टिकते, याचं याच गावात एक मोठं उदाहरण आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात १९८७ पासून भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या गावांत कुणाला कोणता कर्करोग झाला, पुढं काय झालं, याची ती नोंद. १९८७ साली घरगुती कॉम्प्युटरात वीस-चाळीस एमबीची डिस्क असायची. त्या वेळचं कुठलंही यंत्र आज कामाला धरता येणार नाही. नोंदणी मात्र चालू आहे. याच हॉस्पिटलानं टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. १९९९ पासून १,३१,७४६ बायकांची नावं त्यात घेतली आणि आठ वर्षं त्यांचा माग ठेवला. ज्या गावांत एकदाच एचपीव्ही चाचणी केली तिथं या रोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हा निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला आणि जगभर पोचला. आठ वर्षांपूर्वी तपासलेली बाई आणि आज आजारी पडलेली बाई एकच आहे, हे सांगता आलं नसतं तर यातलं काही सिद्ध होत नव्हतं. मी हे दोघांना सांगितलं.

काका : तिथं डिस्कनं न्हाई केलं ते. माणसं गावोगाव फिरत होती. आमच्या पाहुण्यांच्या गावात येऊन विचारून जायची.

पुतणी : दोन्ही खरं आहे. नोंदणीतली माणसं गावात जाऊन माहिती काढतात म्हणून ती खरी असते. आणि यंत्र बदललं की कुणीतरी ती पुढच्या यंत्रावर नेतं म्हणून ती राहते. कुठल्याही डिस्कला ‘तू टिक’ म्हणून सांगितलेलं नसतं. आमच्या धंद्यात याचा एक साधा नियम आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावात.

काका : हे तर मघाशी मीच सांगितलं.

पुतणी : हो. तुम्ही पंचवीस वर्षं आधीच करत होता, आणि मग सोडून दिलंत.

काका : मी न्हाई, मालकांनी. बरं, एक जुनी-वापरलेली डिस्क स्वस्तात घेऊ. पुण्यात मिळतात म्हणे.

पुतणी : वापरलेली नकोच. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात नव्या म्हणून विकलेल्या डिस्का हजारो तास चाललेल्या निघाल्या. वरचा तासांचा आकडा शून्य करून ठेवला होता; आतली दुसरी नोंद पुसायची राहिली म्हणून पकडलं.

काका : मग ते क्लाउड?

पुतणी : एक प्रत तिथं ठेवू.

काका : म्हणजे दुसऱ्याच्या घरातली डिस्क. आणि त्याचा पासवर्ड? मी गेल्यावर कोण उघडणार? तुझी काकू?

ही शंका म्हाताऱ्या माणसाची म्हणून झटकायची नाही. डिसेंबर २०२३ पासून गूगलचा नियम आहे की दोन वर्षं न उघडलेलं वैयक्तिक खातं कंपनी काढून टाकू शकते. पुतणीनं तो नियम स्वतःच काकांना सांगितला. तिच्या जागी दुसरा कुणी दुकानदार असता तर बहुतेक गप्प बसला असता.

काका : मग? पत्र्याच्या पेटीतली पट्टी बरी होती की न्हाई? ती कुणी दोन वर्षांनी काढून टाकत न्हाई.

पुतणी : बरी होती. म्हणून छापायचंही आहे. सगळं नाही. दरसालचा ताळेबंद आणि उचलीच्या बाक्यांची यादी, तेवढंच, चांगल्या कागदावर. जीएसटीच्या वर्षांचे हिशेब तर वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून बहात्तर महिने ठेवावेच लागतात, ते मालकांनी ठेवायचे, तुम्ही नाही; त्यांना फोन करून सांगा. बाकी सगळी खाती टॅलीतून बाहेर काढून कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतील अशी करते. दोन नव्या डिस्का घेऊ, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एकाच मॉडेलचा दोष दोघींना लागणार नाही. एक तुमच्याकडं, एक वैरागला तुमच्या लेकीकडं. क्लाउडची चावी तिच्याकडंही राहील.

काका : आणि माझी डिस्क?

पुतणी : असू द्या. पण तिच्यावर आता काही लिहायचं नाही. वाचायचं फक्त, तेही माझ्यासमोर.

काका : पैसे किती?

पुतणीनं आकडा सांगितला. काकांनी अडत बाजाराच्या सवयीनं तो ऐकून न ऐकल्यासारखा केला.

काका : निम्मे आत्ता. निम्मे पाडव्याला. वहीपूजनाच्या दिवशी वैरागची डिस्क इथं आणायची, मी सांगीन त्या शेतकऱ्याचं, सांगीन त्या सालचं खातं उघडून दाखवायचं. उघडलं तर पैसे. आणि दर पाडव्याला हेच.

पुतणी तयार झाली. बिलावर ‘डेटा कॉपी’ असं लिहायला घेतलेलं तिनं खोडलं, त्याजागी ‘पाडव्याला खातं उघडून दाखवणे’ असं लिहिलं आणि निम्मी रक्कम बाकी दाखवली.